नमस्ते वहाला: झेंगट कमी, गाजावाजाच फार

तिरफळ

आधीच सांगते, स्पॉयलर आहेत. पण या सिनेमात फुटण्यासारखं जे काही आहे ते पहिल्या दहा मिनिटांत सिनेमा स्वतःच फोडतो, तेव्हा बिनधास्त वाचा.

२०२० च्या सुरुवातीला ‘नमस्ते वहाला’चं पोस्टर फिरायला लागलं तेव्हा हातातलं काम टाकून मी ते चार मैत्रिणींना पाठवलं होतं. नायजेरियातल्या लागोसची वकील मुलगी, भारतातून तिकडे गेलेला इन्व्हेस्टमेंट बँकर मुलगा, दोन्हीकडच्या आया, नाचगाणी. पोस्टरखाली दोन्ही देशांतले लोक एकमेकांना व्याही म्हणून मोकळे झाले होते. एप्रिलमध्ये तो तिकडच्या थिएटरांत लागायचा होता, तेवढ्यात करोना आला आणि शेवटी १४ फेब्रुवारी २०२१ ला थेट नेटफ्लिक्सवर उतरला. म्हणजे जवळजवळ वर्षभर नुसती वरातच चालू, नवरदेव मांडवात पोचायचा पत्ता नाही. मी त्याहून उशिरा, परवाच्या रविवारी पाहिला.

वहाला म्हणजे कटकट, भानगड, झेंगट. हौसा, योरुबा या तिकडच्या भाषा आणि पिजिन म्हणजे तिकडची बोली इंग्रजी, सगळीकडे चालणारा शब्द. आपल्याकडे काढला असता तर ‘नमस्कार, झेंगट!’ असं नाव शोभलं असतं. नाव फर्स्ट क्लास आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

राज आणि दीदी समुद्रकिनाऱ्यावर एकमेकांवर धडकतात आणि तिथेच प्रेमात पडतात. (हो, नायिकेचं नाव दीदी. नायक पावणेदोन तास तिला लाडाने ‘दीदी’ म्हणतो आणि मला दर वेळी राखी दिसते.) हिंदी सिनेमावर पोसलेल्या माणसाला धडकेचं वावडं नसतं. पण धडकेनंतर तरी दोघांनी काही बोलावं की नाही? त्याला तिचं काय आवडलं, तिला त्याचं काय, कशावर दोघं हसतात, कशावर भांडतात, काही म्हणजे काही कळत नाही. प्रेम झालेलं आहे असं समजून चालायचं, गणितात ‘क्ष’ धरतात तसं.

मग विरोध. राजच्या आईला भारतीय सून हवी. का? ती आई आहे म्हणून. दीदीच्या वडिलांना हा जावई नको. का? ते वडील आहेत म्हणून. दोन्ही घरांत काही भीती असेल, जुना अनुभव असेल, नातेवाइकांत नाक कापलं जाण्याची धास्ती असेल, तर ती लेखकाच्या डोक्यातच राहिली. आणि ज्या विरोधाला मूळ नाही तो मावळतोही तसाच. शेवटाकडे सगळे एकामागून एक राजी होतात, जणू कुणीतरी घड्याळ दाखवलं.

सगळ्यात वाईट वाटलं ते कोर्टाच्या भागाचं. अत्याचार सोसलेल्या एका बाईची केस दीदी घेते आणि समोर तिच्या वडिलांचीच फर्म. हा खरा सिनेमा होता हो! बाप-लेक आमनेसामने, आणि मधे तो परका जावई. पण त्या बाईचं दुःख दीदी किती गुणाची आहे हे दाखवण्यापुरतं वापरलंय. काम झालं की बाजूला.

राज झालेला रुस्लान मुमताज हा हिंदी सिनेमातल्या अंजना मुमताज यांचा मुलगा. त्या माहेरच्या मांजरेकर. हे ऐकल्यामुळे आमची आई शेवटपर्यंत बसली, नाहीतर विसाव्या मिनिटालाच कुकर लावायला उठली असती.

अजून कुणी पाहिलाय का? की मीच जास्त अपेक्षा ठेवल्या?


बुरुजावरचा

पाहिला होता तेव्हाच. माझ्या यादीत ‘इस्त्री करताना बघायचे सिनेमे’ असा एक कप्पा आहे, त्यात बसतो. सहा शर्ट झाले.


खडीसाखर

अहो, किती ते खणायचं! व्हॅलेंटाइन डेचा सिनेमा आहे. दिग्दर्शिका हमिशा दर्यानी आहुजा यांचा हा पहिलाच प्रयत्न, त्याआधी त्या लागोसमध्ये रेस्टॉरंटच्या धंद्यात होत्या. पैसा उभा करून, दोन देशांतले नट जमवून सिनेमा पुरा करणं सोपं नाही. मला रंग आवडले, कपडे आवडले, दोन्ही आया आवडल्या. करोनाच्या त्या दिवसांत घरात कोंडलेली असताना पाहिला, तेव्हा असं हलकंफुलकंच हवं होतं. सगळ्यांनी काय दर वेळी रडायचं का?


तिरफळ

खडीसाखर, हलकंफुलकं मलाही हवं होतं. पण हलकं करायला आधी काहीतरी वजनदार लागतं ना? लाडू हलका व्हायला बेसन भाजावं लागतं. इथे बेसन कच्चं आणि वर बेदाणे.

आणि पहिला प्रयत्न आहे हे मान्य. पण मग वर्षभर ढोल तरी इतके वाजवायचे नव्हते.


शून्य_मिनिटं

माझा उदरनिर्वाह एडिटिंगवर चालतो, त्यामुळे मला वेगळंच खुपलं. प्रसंग संपतो पण सिनेमाला ते कळत नाही. दोघं बोलून झाले की आणखी दोन सेकंद एकमेकांकडे बघत राहतात, मग संगीत येतं, मग आपण निघतो. असं पावणेदोन तास. विनोदाची वेळ साधायची तर त्या दोन सेकंदांतच साधते किंवा मरते.

दुसरं, पार्श्वसंगीत. प्रत्येक भावनेआधी ते येऊन सांगतं की आता काय वाटून घ्यायचंय. लग्नात पुढच्या विधीची घोषणा करणारे काका असतात तसं.

गाणी मात्र मला अगदीच वाईट वाटली नाहीत. अडचण अशी की हिंदी सिनेमातलं गाणं गोष्ट पुढे ढकलतं किंवा पात्र जे बोलू शकत नाही ते बोलतं. इथे गाणं म्हणजे ‘हे बघा, आम्ही बॉलिवूड केलं’ अशी पावती आहे. फेटा बांधला म्हणून कुणी कोल्हापूरचा होत नाही.


बुरुजावरचा

फेटा बांधायला निदान माणूस तरी कोल्हापूरहून आणतात.


इलुपेजूकर

धागा उशिरा दिसला. अकरा वर्षं लागोसमध्ये आहे, पॅकेजिंगच्या कारखान्यात. आयडीवरून कळलंच असेल, इलुपेजू भागात. इथे भारतीय इतके की आमच्या गल्लीत कढीपत्ता कुणाकडे मिळेल हे वॉचमनसुद्धा सांगतो.

तिरफळ, तुमची तक्रार बरोबर आहे पण तुम्ही मुळाशी पोचला नाहीत असं मला वाटतं. दिग्दर्शिका नायजेरियातच लहानाच्या मोठ्या झालेल्या भारतीय आहेत. आता विचार करा. इथे सिंधी व्यापारी शंभर वर्षांपासून आहेत. चेलाराम यांची पेढी १९२३ पासूनची. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतली मुलं लागोसमध्ये जन्मलेली, पिजिन फाडफाड बोलणारी, घरी सिंधी कढी आणि बाहेर सुया खाणारी. (सुया म्हणजे हौसा लोकांचं मसाला लावून भाजलेलं मांस. विषय निघालाच आहे म्हणून.) ही मुलं इथे परकी नाहीत आणि पूर्ण इथलीही नाहीत. नायजेरियन मित्र भरपूर, पण लग्नाचं वय झालं की आई मुंबईला किंवा उल्हासनगरला फोन लावते. ज्या घरात पन्नास वर्षं एकाच नायजेरियन कुटुंबातली माणसं कामाला आहेत, त्या घरातली मुलगी किंवा मुलगा एखाद्या योरुबा माणसाच्या प्रेमात पडला तर काय होईल? शंभर वर्षं शेजारी राहूनही ती एक रेघ का पुसली गेली नाही? तो वहाला. खराखुरा.

ही गोष्ट दिग्दर्शिकेच्या अंगणात होती. ती सोडून त्यांनी नायक भारतातून विमानाने आणला आणि पाठोपाठ त्याची आईपण. म्हणजे झगडा ‘दोन परक्या संस्कृतीं’चा झाला आणि तसा झगडा कुणीही, कुठेही बसून लिहू शकतो. ज्या एका गोष्टीवर त्यांच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचाच नव्हता, तीच सिनेमात नाही.


तिरफळ

हे मला ठाऊकच नव्हतं. मी मनात धरून चालले होते की बाहेरून कुणीतरी येऊन दोन देशांची भेळ केलीय. आता जास्तच चिडचिड झाली.


कागदी_लिंबू

इलुपेजूकर, प्रतिसाद आवडला, पण यात एक अन्याय होतोय. अनिवासी माणसाने दर वेळी स्वतःच्याच समाजाची गोष्ट सांगावी हा हट्ट का? उद्या नाशिकच्या दिग्दर्शकाला म्हणाल, द्राक्षांवरच सिनेमा काढ. आणि सिंधी समाजातली ती रेघ पडद्यावर आणायची तर घरच्यांशी, धंद्यातल्या लोकांशी वैर. बाईंना त्याच शहरात राहायचंय, रेस्टॉरंट चालवायचंय. विमानाने नायक आणणं ही सोय असेल, पण ती सोय कशातून येते तेही बघा.


इलुपेजूकर

मुद्दा मान्य. इथला भारतीय समाज लहान नाही पण सगळे सगळ्यांना ओळखतात, दिवाळी मेळाव्यात समोरासमोर येतात. तुम्ही म्हणता ते भय खरं असणार. पण मग विनोदी सिनेमा कशासाठी असतो? घरचं बोलता येत नाही ते हसत बोलायलाच ना? आपल्याकडे तमाशातल्या मावशीने काय केलं शतकभर?

आणखी एक. सिनेमातलं लागोस म्हणजे समुद्र, हॉटेलं, गुळगुळीत ऑफिसं. आमच्या लागोसात दिवसातून चारदा लाइट जाते. परत आली की अख्खी गल्ली ‘अप नेपा!’ ओरडते. नेपा नावाची वीज कंपनी कधीच मोडीत निघाली, आरोळी राहिली. मुंबईची पोरं पावसात ओरडतात त्याच सुरात. जनरेटरच्या आवाजात प्रेमाची कबुली द्यावी लागणं, डान्फोच्या पिवळ्या बसमध्ये घामाघूम होऊन सासूला भेटायला जाणं, किती विनोद पडून होते! श्रीमंत लागोसही खरंच आहे, नाही म्हणत नाही. पण नवा नॉलिवूड, म्हणजे नायजेरियन, सिनेमा म्हटला की हमखास लेक्की-इकोयी पुलावर ड्रोन फिरतो. त्या पुलाने आतापर्यंत मानधन मागायला हवं होतं.


शून्य_मिनिटं

आमच्याकडे त्याला सी-लिंक म्हणतात.


कानोची_पोर

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, पण या धाग्यावर गप्प बसवेना.

माझे बाबा शाळामास्तर. सत्तरच्या दशकात नायजेरियाकडे तेलाचा पैसा आला तेव्हा त्यांनी शाळा वाढवल्या, आणि शिक्षक, डॉक्टर म्हणून भारतातून खूप माणसं गेली. आम्ही उत्तरेला, कानोजवळ होतो. तेव्हा एक नायरा डॉलरपेक्षा महाग होता, बाबा पगाराचा आकडा पत्रात लिहायचे तर आजोबांना वाटायचं मुलगा खोटं बोलतोय.

मला सांगायचंय ते वेगळंच. उत्तर नायजेरियातले हौसा लोक पन्नासच्या दशकापासून हिंदी सिनेमे बघतात. लेबनीज व्यापारी ते आणायचे. कानोत ‘मदर इंडिया’ वर्षानुवर्षं लागायचा. आमच्या दारात भाजी घेऊन येणाऱ्या बाईला हिंदीचा अर्थ कळत नसे, पण गाणी पाठ, नर्गिस माहीत, आणि माझ्या आईला बघितलं की ती हात जोडून ‘नमस्ते’ म्हणायची. तिला हिंदी सिनेमा परका वाटतच नव्हता. घरात थोरल्यांचा मान, ठरवलेली लग्नं, अंगभर कपडे, डोक्यावर पदर, प्रेम आणि घरचा शब्द यातली ओढाताण, सगळं तिच्या घरातलंच. उलट अमेरिकन सिनेमा तिला निर्लज्ज वाटायचा. ब्रायन लार्किन नावाच्या मानववंश-अभ्यासकाने यावर पुढे लिहिलंय. हौसात प्रेमकथांची छोटी पुस्तकं निघतात, त्यांच्यावरही हिंदी सिनेमाची छाया आहे. बंदिरी नावाच्या डफावर गाणारे भक्तही हिंदी गाण्यांच्या चालींवर पैगंबराची स्तुती बांधतात.

म्हणजे नायजेरिया आणि हिंदी सिनेमा यांचं सूत फार जुनं, आणि तेही गरिबांच्या वस्तीत जुळलेलं. ‘नमस्ते वहाला’ बघताना वाटत राहिलं की यांना वाटतंय ओळख आत्ता करून देतोय. आमच्या भाजीवालीला दाखवला असता तर तिने विचारलं असतं, पोरगा आईच्या पाया कधी पडणार?


खडीसाखर

कानोची_पोर, तुम्ही वेगळा धागाच काढा. प्लीज. बाबांची पत्रं असतील तर तीही.


तिरफळ

अनुमोदन. माझा धागा तुमच्या प्रतिसादाच्या मानाने शाळेचा निबंध झालाय.


चंदेरी_नाही_पैठणी

कपड्यांवर कुणीच बोललं नाही म्हणून येते. खडीसाखरला कपडे आवडले, मलाही. पण इथेही एक संधी डोळ्यांसमोरून गेली. नायजेरियात इग्बो समाजातल्या आणि नायजर नदीच्या डेल्टाकडच्या बायका लग्नाला ‘जॉर्ज’ नेसतात, भरजरी, जड. हे कापड पिढ्यानपिढ्या भारतातून जातं. नाव मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जवरून पडलं म्हणतात. नदीच्या मुखाकडचे कालाबारी लोक तर मद्रासी चौकड्याचं कापड ‘इंजिरी’ म्हणून इतकं मानतात की त्यातले धागे हाताने कापून काढून नवी नक्षी करतात, आणि जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींना तेच लागतं.

आता दोन आया समोरासमोर उभ्या करा. एक साडीत, एक जॉर्जमध्ये. ‘तुमचं आमचं जमायचं नाही’ म्हणून भांडतायत, आणि दोघींच्या अंगावरचं कापड एकाच देशातून आलेलं! कुणीतरी एकीने दुसरीचा काठ हातात धरून पाहिला असता तरी मी सगळा सिनेमा माफ केला असता. बायका असं करतातच. माझी विहीणबाई भेटली तेव्हा पहिलं वाक्य ‘पदर कुठला?’ हेच होतं.


बुरुजावरचा

हे मात्र जबरी. माझा इस्त्रीचा शेरा मागे घेत नाही, पण हे जबरी.


कागदी_लिंबू

सगळे मिळून एक चांगला सिनेमा लिहिताय, जो कुणी काढलेला नाही. जो काढलाय त्याबद्दल थोडं चांगलं बोलू? रिचर्ड मोफे-डॅमिजो आणि जोके सिल्वा. दीदीचे आई-वडील. दोघं तिकडचे मुरलेले नट, आणि ते पडद्यावर आले की कळतं की अरे, हे घर आहे. मोफे-डॅमिजो तर मधे डेल्टा राज्यात सरकारी खात्याचे आयुक्तही होते. मुलीवर ओरडताना त्यांना कुणी कारण लिहून दिलेलं नसलं तरी ते डोळ्यांत कुठूनतरी आणतात. जोके सिल्वांची आई ठामपणे कमी बोलते, त्यामुळे बोलते तेव्हा ऐकावंसं वाटतं. दीदी झालेली इनी डिमा-ओकोजीही गोड आहे, तिला खेळायला मैदान दिलं नाही इतकंच.

याउलट राजच्या आईचं पात्र. सुजाता सेहगल यांचा दोष नाही, लिहिलंच तसंय. भारतीय आई म्हणजे डबे, पाल्हाळ आणि सुस्कारे. गाव कुठलं, घरात कुठली भाषा, नवरा कसा होता, काही नाही. आई-मुलगा एकटे असतानाही बरंचसं इंग्रजीतच बोलतात. माझा मुलगा माझ्याशी तसा बोलला तर मी विचारेन, ताप आलाय का?


तिरफळ

‘डबे, पाल्हाळ आणि सुस्कारे’ हे मी आमच्या मातोश्रींना वाचून दाखवलं. त्यांनी सुस्कारा टाकला.

दोन्ही घरांना प्रांत नाही हे मात्र फार खटकलं. भारतीय म्हणजे नुसते ‘भारतीय’ आणि नायजेरियन म्हणजे नुसते ‘नायजेरियन’. असं कुठे असतं का? आपल्याकडे कऱ्हाडे-कोकणस्थ लग्नात आमटीच्या गोडीवरून तीन दिवस रुसवे चालतात.


इलुपेजूकर

तेच. इथे योरुबा मुलगी आणि इग्बो मुलगा म्हटलं तरी दोन्ही घरांत बैठका बसतात. २०१६ च्या ‘द वेडिंग पार्टी’ने नेमकं तेच धरलं होतं. तोही गाजावाजा करून आलेला, तोही श्रीमंतांचा, आणि तोही काही महान नव्हे. पण त्यातल्या योरुबा आईचा तोरा आणि इग्बो आईचा तुसडेपणा ही दोन ओळखीची माणसं होती, सोला सोबोवाले आणि इरेटी डॉयल. थिएटरात बायका आपापल्या विहिणींची नावं घेऊन हसत होत्या. त्याने तेव्हा ४५ कोटी नायरांच्या घरात गल्ला केला आणि नायजेरियन सिनेमाचा विक्रम केला. गाजावाजाला खाली टेकायला काहीतरी होतं.


शून्य_मिनिटं

थोडं नॉलिवूडच्या बाजूने. लोकांना वाटतं तिकडे सगळं असंच कच्चं असतं. युनेस्कोने २००९ मध्ये आकडे दिले होते: २००६ साली भारतात १०९१ सिनेमे, नायजेरियात ८७२, अमेरिकेत ४८५. ते ८७२ सगळे व्हिडिओवर काढलेले, बाजारात कॅसेट-सीडीवर विकलेले. सुरुवात धरली जाते ती १९९२ च्या ‘लिव्हिंग इन बाँडेज’पासून, आणि तोही इग्बो भाषेत. चार दिवसांत शूटिंग, आवाज खराब, उजेड खराब, पण माणूस पुढे काय होतं म्हणून खिळून बसायचा. हव्यास, मत्सर, सासुरवास, जादूटोणा. गोष्टीची भूक होती.

आता कॅमेरा चांगला आला, नेटफ्लिक्स आलं, आणि ती भूकच गेली की काय असं ‘नमस्ते वहाला’ बघताना वाटलं. चित्र चकचकीत, पण पुढे काय होणार याची उत्सुकता मात्र शून्य.


खडीसाखर

बाय द वे, याच दिग्दर्शिकेची ‘पोस्टकार्ड्स’ नावाची मालिका २०२४ मध्ये आली, नेटफ्लिक्सवरच. लागोस आणि मुंबई दोन्हीकडची. त्यात सोला सोबोवाले आहेत, मोफे-डॅमिजो आहेत, आणि रहामा सादाऊ ही हौसा नटीपण. म्हणजे कानोची_पोर म्हणतात त्या बाजूची कुणीतरी शेवटी आली. मी दोन भाग पाहिले. सोबोवालेबाई मुंबईत फिरतात ते बघायला मजा येते. पुढचे बघून सांगते, पण तुम्ही लोक आधीच चाकू पाजळू नका.


कानोची_पोर

रहामा सादाऊ आहे? मग बघते.


मधलाच_शनिवार

सगळा धागा एका दमात वाचला. ‘नमस्ते वहाला’ कुठे बघायला मिळेल?


तिरफळ

नेटफ्लिक्सवर आला होता. पण वरचं सगळं वाचूनही बघणार?


मधलाच_शनिवार

हो. अंजना मुमताजचा मुलगा आहे म्हटल्यावर घरी रिमोट सासूबाईंकडे गेलाय.